रिपोर्ट नॉर्मल असताना आलेली मोकाण

सावरकुंडला,
मागसर सुद नोम, मंगळवार

स्वस्ति श्री सुरत शहरी, वराछात तिसऱ्या मजल्यावर विराजमान असलेल्या आमच्या मोठ्या भाभी रळियातबेन यांच्या पायांवर धाकटी जाऊ लाभू डोकं टेकवते. (टेकवते असं लिहिलंय खरं. प्रत्यक्षात वाकले तर मला सरळ करायला दोन माणसं लागतील, तेव्हा लिहिलेलंच गोड मानून घ्या.) घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना जय श्रीकृष्ण वाचून दाखवा. घनश्यामच्या हिऱ्यांच्या कारखान्यात सगळं ठीक असेल, वहूचा दात बरा झाला असेल, लिफ्ट चालू असेल, अशी आशा करते. तुमची तब्येत कशी आहे? सुरतेची डाळ तुम्हाला गोड लागते असं मागे कळवलं होतंत. आता सवय झाली का? झाली नसेल तर बरं आहे. झाली असेल तर कळवू नका.

फोन का केला नाही, पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. भाभी, मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहूने उचलला आणि बा माळ जपतायत म्हणाली. तुम्ही इथे तीस वर्षं होतात, मी तुम्हाला माळ हातात घेऊन पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नाही. दोन मणी झाले की तुम्ही भिंतीपलीकडून ओरडायचात, लाभुडी, दूध उतू जातंय. आणि खरंच जात असायचं. शिवाय आमचा फोन आहे तराजूच्या कारखान्यात, तुमच्या दिरांच्या खुर्चीशेजारी. तिथे मी पाठीचं बोलायला लागले की ते कानस घासायला घेतात. म्हणून पत्र. पत्राला कोणी मध्ये अडवत नाही आणि रिपोर्ट काय म्हणतो असं विचारत नाही.

तर मुद्दा पाठीचा आहे. दीड वर्ष होत आलं. डाव्या खांद्याच्या पात्याखाली सुरू होतं, उतरत उतरत कमरेपर्यंत येतं, तिथे मुक्काम करतं, आणि दुसऱ्या दिवशी परत वर. कधी जळतं, कधी कोणीतरी आतून चिमटा धरून बसल्यासारखं वाटतं. रोटला थापायला बसले की दुखतं, आणि थापायचं सोडून पडून राहिले तर अजून दुखतं, म्हणून उठून परत थापते. दिसायला काही नाही. सूज नाही, लाली नाही. तुमचे दीर दोनदा चष्मा लावून पाहून गेले. म्हणाले, पाठ सरळ आहे, काटकोनात आहे.

तुम्हाला तुमचे दीर माहीत आहेत. जन्मभर तराजू बनवले. ज्याचं वजन होत नाही ती वस्तू जगात आहे हे त्या माणसाला पटवायचं कसं? पहिल्या महिन्यात मला विचारायचे, कालच्यापेक्षा किती जास्त? मी म्हणायचे, जास्त. ते म्हणायचे, जास्त म्हणजे किती? अमरेलीला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने फोटो काढला, हाडं चांगली निघाली. राजकोटला नसांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने पायावर हातोडी मारली, पायाने उडी मारली, तो खूश झाला. मग म्हणाला, बेन, दुखणं दहापैकी किती ते सांगा. मी विचार करत होते तेवढ्यात तुमचे दीर पुढे सरकले. दहा काय? कशाचे दहा? तुमचं माप तरी सांगा. डॉक्टर म्हणाला, माप असं नसतं, त्यांना वाटेल ते सांगायचं. तुमच्या दिरांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. गिऱ्हाइकाला वाटेल तेवढं वजन! बाहेर आल्यावर मला म्हणाले, सात म्हणालीस ना, त्यातले दोन सवयीचे वजा कर.

अहमदाबादला तर शोभाच झाली. तिथे मला एका मोठ्या नळकांड्यात झोपवलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. आतून असा ठणठणाट की मला आपला कारखानाच आठवला. (खरं सांगते, अर्धा तास डोळा लागला. दीड वर्षात एवढी गाढ झोप आली नव्हती.) बाहेर काय चाललं होतं ते मला दक्षाने नंतर सांगितलं. आमची लेक त्यासाठी मोरबीहून आली होती, आणि बापाला ओळखत नसल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. तुमचे दीर यंत्राभोवती फिरून त्या पोराला विचारत होते, यावर शिक्का कुठाय? तो म्हणाला, कसला शिक्का, काका? हे म्हणाले, तपासणीचा. आमचा पाव किलोचा काटा शिक्क्याशिवाय बाजारात जात नाही, आणि एवढ्या धुडावर शिक्का नाही? मग ते चुकतंय की बरोबर आहे हे कळतं कसं? मला वाटलं, चला, निदान हे तरी माझ्या बाजूने बोलले. पण दोन दिवसांनी रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल, आणि तेव्हापासून तो रिपोर्ट तुमच्या दिरांनी देवाच्या फोटोमागे ठेवलाय. त्या यंत्रावर त्यांचा आता पूर्ण विश्वास आहे.

तिथला डॉक्टर माणूस भला होता. सगळ्यांना बाहेर घालवून त्याने मला विचारलं, बेन, हे सुरू झालं त्या सुमाराला घरात काही घडलं होतं का? मी म्हटलं, छे, काही नाही. तो म्हणाला, आठवून बघा, काही बदल? मी म्हटलं, बदल म्हणजे तीन महिने आधी माझी जेठाणी मुलाकडे सुरतला राहायला गेली. त्याने कागदातून मान वर केली आणि हसला. म्हणाला, मग तर ताण कमी झाला असेल! मीही हसले. म्हटलं, हो ना. त्याने तसं लिहूनसुद्धा घेतलं. (भाभी, यावरून फुगून जाऊ नका. तुमच्यामुळे दुखतं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. डॉक्टरने विचारलं, मी सांगितलं, एवढंच.)

आता आपल्या गल्लीचं ऐका. अहमदाबादला जायच्या आधी आजाऱ्याची खबर काढायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. एका दिवसात अकरा बायका. कोणी शहाळं आणलं, कोणी बिस्किटांचे पुडे, कोणी मेथीचे लाडू. (लाडू एवढे जमले की तुमचे दीर खाऊन खाऊन जाड झाले. त्यांची पाठ ठणठणीत आहे.) प्रत्येकीने उपाय सांगितला. एकीने शेकायला मिठाची पुरचुंडी सांगितली, दुसरीने मीठ अजिबात नको म्हटलं. तिसरीने ज्याच्या अंगात येतं त्या भुव्याचा पत्ता दिला. समोरच्या हेमकुंवरबेनने आपली गरम पाण्याची रबरी पिशवी दिली, वर स्वतः विणलेलं कव्हर घालून. मी पडल्या पडल्या चहा सांगायचे, उठून करायचेही मीच, कारण घरात दुसरं आहे कोण? पाठ दुखत होती पण बरं वाटायचं. माणूस आजारी आहे आणि चार जणी बशीतून चहा फुंकत त्याच्याकडे बघतायत, यात एक मान असतो.

रिपोर्ट आला आणि दुसऱ्या दिवशी एकच बाई आली. हेमकुंवरबेन. पाच मिनिटं बसल्या, रिपोर्ट नॉर्मल आल्याचा आनंद झाला म्हणाल्या, मग म्हणाल्या, आमच्या नणंदेची सासू पडलीय, खरंच हाड मोडलंय, तर ती पिशवी... मी पिशवी दिली. पाणी अजून गरम होतं त्यात. तिसऱ्या दिवसापासून कोणी नाही. रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, बरी आहेस ना आता? तो प्रश्न नसायचा. दक्षासुद्धा फोनवर म्हणते, आई, रिपोर्टमध्ये काही नाही मग तू मन रमव. पाठ माझी, तिच्याबद्दल बोलायचा हक्क रिपोर्टचा. मी सांगायचंच सोडून दिलं. दुखत असताना चेहरा कसा ठेवायचा हे मला आता इतकं छान जमतं की भवाईची नाटकं करणाऱ्यांनी मला ठेवून घ्यावं.

आणि मग गेल्या गुरुवारी जे झालं त्यासाठी हे पत्र.

तीन घरं पलीकडच्या जीवीमा गेल्या. ब्याण्णव वर्षांच्या होत्या, जेवून उठल्या आणि गेल्या, असं मरण सगळ्यांना मिळो. आता जीवीमा म्हणजे आपल्या काशीफईंच्या जावेची आई. (आपल्या सासऱ्यांची ही बहीण अजून तशीच आहे, कानाने तेज, डोळ्यांना मोतीबिंदू, आणि रडण्यात तिचा हात धरणारी अख्ख्या तालुक्यात नाही.) तेव्हा त्यांच्या गावाहून बायकांची मोकाण रडायला येणारच होती. नऊ बायका पांढरे साडले नेसून एका छकड्यात कोंबून बसल्या. वाटेत कोणीतरी शहाणपणा काढला, की लाभूची पाठ बरेच दिवस दुखतेय, तिच्याकडेही जायचं राहिलंय. मोकाणीला रडून झाल्यावर अंघोळीशिवाय कोणाच्या घरी जाता येत नाही, तर आधी तिची खबर काढू आणि मग पुढे रडायला जाऊ. सगळ्यांना पटलं. ठरलं तेव्हा काशीफई छकड्यात झोपलेल्या होत्या.

छकडा आपल्या दारात थांबला. काशीफई जाग्या झाल्या. बघतात तर माहेरचं दार! आणि आठ जणी पांढऱ्यात उतरतायत. त्यांनी विचारलं, इथं का गं? शेजारची म्हणाली, लाभूची तब्येत जरा नरम आहे फई, खबर काढायला थांबलोय.

भाभी, तुम्हीच सांगा, आपल्यात हे वाक्य कधी म्हणतात? तुमचे वडील गेले तेव्हा तुम्हाला काय सांगून नेलं होतं? बापूंची तब्येत जरा नरम आहे, खबर काढून येऊ. माझी आई गेली तेव्हा मला हेच सांगून बसमध्ये बसवलं होतं, आणि मी कंडक्टरचा चेहरा बघूनच ओळखलं होतं. काशीफईंना ऐंशी वर्षांत हे वाक्य पाच-सात वेळा ऐकवून झालंय. त्यांनी एका क्षणात ओळखलं की लाभू गेली आणि या बायका म्हातारीपासून लपवतायत. त्यांनी साडला तोंडावर ओढला आणि छकड्यातूनच गळा काढला.

आता एक बाई रडायला लागली की बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं, हे आपल्याकडे चालतं का? दोघीतिघींना ठाऊक होतं की मी जिवंत आहे. पण काशीफईंना एकटीला रडू कसं द्यायचं? त्यांनीही साडला ओढला. मागून उतरणाऱ्यांना वाटलं, अरे, म्हणजे खरंच गेली वाटतं, आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. पाचवी उतरेपर्यंत सगळ्यांची खात्री पटली. नऊच्या नऊ जणी एका सुरात. गल्लीतली दारं धडाधड उघडली.

मी आतल्या खोलीत खाटेवर पडले होते. आधी वाटलं जीवीमांकडची मोकाण आहे, वेळेवर आली. मग माझं नाव ऐकू आलं. एकदा, दोनदा. मी सावध झाले. भाभी, चेष्टा नाही, क्षणभर मला शंका आली की आपण गेलो की काय. मग पाठीला विचारलं. पाठ दुखत होती, म्हणजे होते.

पाहिजे तर तेव्हाच उठून बाहेर जाता आलं असतं. मी उठले नाही. खोटं कशाला बोलू? काशीफई सूर लावून म्हणत होत्या, "अगं माझी लाभूऽऽ, पाठ धरून धरून बसायचीस गं, कुण्णी नाही गं विचारलंऽऽ!" आणि आठ जणी तिच्यामागून, "कुण्णी नाही गं विचारलंऽऽ!" मग दुसरी, "दुखतं दुखतं म्हणत होतीस गं, आमचे कान फुटले होते गंऽऽ!" दीड वर्षात एवढ्या जणींनी माझ्या पाठीचं खरं मानलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि पडून राहिले. समोरून हेमकुंवरबेन धावत आल्या आणि त्यांनी तर दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. "पिशवी परत नेली गं मी, लाभूबेन! गरम पिशवी काढून नेली गं मी चांडाळणीनंऽऽ!" मनात म्हटलं, आणखी थोडा वेळ. एवढं झालंय तर कव्हराचंही निघू दे.

पण मग काशीफई आत आल्या. तोंडावर साडला, दोन्ही हात पुढे. मोकाणीला आलेली बाई घरात शिरल्यावर काय करते ते तुम्हाला सांगायला नको. ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरातली सगळ्यात जवळची बाई शोधते आणि तिच्या गळ्यात पडते. तुम्ही सुरतेला गेलात हे रडण्याच्या भरात विसरून काशीफई ओसरीवर हात चाचपडत फिरायला लागल्या. "रळियात! रळियात, कुठायस गं? ये गं बाई, ये माझ्याजवळ!" तुमच्या खोलीकडे गेल्या. तिथे कुलूप. पाण्याच्या माठांकडे, पाणियाऱ्याकडे वळल्या. तिथे कोणी नाही. पुन्हा हाक. म्हातारी आमच्या घरात गोल गोल फिरत होती आणि तिला गळा मिळत नव्हता. भाभी, तोवर मला मजा वाटत होती. तिथे मजा संपली. मला कळलं की मी उद्या खरोखर गेले तर या घरात येणाऱ्या बाईला पडून रडायला एकही गळा नाही. दक्षा मोरबीहून येईल तेव्हा येईल. आणि मला रडायचं झालं तरी तेच.

मी उठले. पाठीत कळ आली ती दातांत धरली, बाहेर गेले आणि काशीफईंच्या गळ्यात पडले. काय करणार होते दुसरं? त्यांच्या तोंडावर साडला, मी खाली मान घातलेली. त्यांनी मला घट्ट धरलं. पाठीवर जोरात थोपटायला लागल्या, नेमकं पात्याखाली, जिथे दुखतं तिथे. म्हणाल्या, "रळियात गं, तुझी लाभू गेली गं!"

आणि मी म्हटलं, "गेली हो, फई."

असं का म्हटलं ते मला विचारू नका. तोंडातून निघालं. आणि मग मी जी रडले, जी रडले, की नऊ जणींना गप्प बसवलं. हेमकुंवरबेन नंतर म्हणाल्या, मेलेलं माणूस स्वतःसाठी एवढं रडताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. मी स्वतःसाठी रडत नव्हते. तुमच्या जागी उभी राहून रडत होते, म्हणून मला जास्त रडू येत होतं.

एवढ्यात तुमचे दीर कारखान्यातून धावत आले. अनवाणी, हातात कानस, अंगावर पितळेचा कीस. दारातली गर्दी आणि पांढरे साडले पाहून त्यांचा चेहरा असा झाला, की एकतीस वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता. मोठ्याने ओरडले, "असं कसं होईल? रिपोर्ट नॉर्मल होता!"

मी मान वर केली. काशीफईंनी साडला बाजूला केला, मोतीबिंदूचे डोळे माझ्या नाकाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मेले, ही तर लाभू आहे." मग मला नखशिखांत न्याहाळून, "दिसतेस तर चांगली की गं! काय झालंय तुला?"

झालं. त्या एका वाक्यात सगळं परत गेलं. रडताना जे जे कबूल केलं होतं ते सगळं पुसून बायका साडले ठीक करायला लागल्या. कोणी म्हणालं, खोट्या मरणाने आयुष्य वाढतं, आता तुला वीसपंचवीस वर्षं काही होत नाही. (या पाठीसकट! शुभ बोलतायत की शाप देतायत?) चहा मीच केला, दहा कप. मग त्या जीवीमांकडे गेल्या, पण आवाज इथेच बसला होता, तिथे धड रडल्या नाहीत असं जीवीमांच्या सुनेने बोलून दाखवलं. ती आता माझ्याशी बोलत नाही. हेमकुंवरबेनने पिशवी आणून दिली नाही. चौकटीवर कपाळ आपटल्याने टेंगूळ आलंय, ते शेकायला स्वतःला लागते म्हणाल्या. आणि गल्लीतले सगळे आता त्यांच्या टेंगळाची खबर काढायला जातात, कारण ते दिसतं.

तुमचे दीर त्या दिवशी परत कारखान्यात गेले नाहीत. माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, तू रडत होतीस ते खरं वाटत होतं. मी म्हटलं, खरंच होतं. म्हणाले, पाठीसाठी? मी हो म्हटलं. त्यांना आणखी काय सांगणार? वाईट माणूस नाही तो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न विचारता माझ्यासाठी पाणी तापवलं आणि किती तापवायचं ते मात्र तीनदा विचारलं.

भाभी, आता लिहूनच टाकते. मला तुमची फार आठवण येते. तुम्ही गेलात त्या सकाळी मी बाहेर आले नाही, लोणच्याची बरणी शोधतेय म्हणून कोठारात बसून राहिले. बरणी माझ्या पुढ्यातच होती. बस सुटल्याचा भोंगा ऐकला आणि मग बाहेर आले. वेगळ्या चुली झाल्यापासून आपण एकमेकींशी काय धड बोललो? मीठ जास्त, नळ उघडा, तुमची मांजर, माझे कपडे. पण संध्याकाळी ओट्यावर तुम्ही तांदूळ निवडायला बसायचात आणि मी माझी डाळ घेऊन यायचे, त्यात बोलण्याची गरज नसायची. आता मी ओट्यावर बसत नाही. पाठ दुखते असं सांगते. दुखतेच, पण बसत नाही ते त्यासाठी नाही. भिंतीपलीकडे कोणी खाकरत नाही, कोणी लाभुडी म्हणत नाही. दूध रोज उतू जातं.

म्हणून विनंती की उत्तराणला इकडे या. घनश्यामला म्हणावं, पोरांना सुरतेच्या गच्चीत पतंग उडवू दे, आईला कुंडल्याला पाठव. खोली मी झाडून ठेवलीय. जास्त नाही, पंधरा दिवस या. यायला जमत नसेल तर नाही म्हणून कळवा, पण वहूकरवी नको, स्वतःच्या अक्षरात.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. जिथे शाई पसरलीय तिथे चहा सांडला असं समजा.

तुमची धाकटी,
लाभू

ता. क. दक्षा म्हणते, सुरतेला पाठीचा कोणी मोठा डॉक्टर आहे, तिथे फोटो पाठव. घनश्यामला त्याची चौकशी करायला सांगू नका. नॉर्मल रिपोर्ट आता पाच झालेत, देवाच्या फोटोमागे मावत नाहीत. देव पुढे आलाय.

आणखी ता. क. हे पाकीट मी दोनदा चिकटवलं आणि दोनदा फोडलं, म्हणून कड फाटलीय. जे लिहायचं होतं ते वर कुठेच आलं नाही. भाभी, तुमचं डोकं दुखायचं. सहा वर्षं. तुम्ही फडकं घट्ट बांधून फिरायचात, भावनगरला जाऊन आलात, फोटोत काही निघालं नाही. तेव्हा मी नळावर हेमकुंवरबेनला म्हटलं होतं, पापड लाटायच्या दिवशीच बरं दुखतं बाईंचं. भिंत चार इंचांची. तुम्ही ऐकलंत हे मला त्याच वेळी कळलं होतं, कारण पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्याला फडकं बांधून आलात आणि माझ्या घरचे सगळे पापड लाटून गेलात. मी चौदा पावलांवर राहत होते आणि सहा वर्षांत एकदाही तुमच्या दारात खबर काढायला आले नाही. लोकांना सांगायचे, एका घरात कसली खबर काढायची. ते खरं नव्हतं. तुमचा रिपोर्ट चांगला होता, म्हणून मी आले नाही.

शेवटचं. वर तुम्हाला या म्हणून लिहिलंय ते खोडून टाका. तुम्ही नका येऊ, खबर काढायला जाणाऱ्याने जायचं असतं. शनिवारच्या सुरतच्या बसमध्ये मी जागा धरलीय. रात्रभराचा प्रवास आहे, पाठीचं काय व्हायचं ते होवो. तुमच्या दिरांना मेथीचे लाडू पुरतील. फक्त एक ऐका. मी तिसऱ्या मजल्यावर आले, तुम्ही दार उघडलंत, की लाभुडी पाठ कशी आहे असं लगेच विचारू नका. मला आत येऊ द्या, बसू द्या, आणि आधी मला विचारू द्या, डोकं नेमकं कुठे दुखायचं, कोणत्या बाजूला, आणि अजून दुखतं का.